सिंबलला फेडर नसतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला घराच्या वरच्या मजल्यावर बारा बाय अकराची खोली, छत नऊ फुटांवर, जुना पण चांगला पाच ड्रमचा सेट आणि आठ चॅनेलचा इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारं यंत्र). ड्रम बरे रेकॉर्ड होतात, पण सिंबल (स्टँडवरच्या धातूच्या झांजा) वाजले की पत्रा वाजल्यासारखं होतं आणि गाणाऱ्याचा आवाज त्यात बुडतो. सेटबरोबर आलेले सिंबल बदलायला पन्नास हजार रुपये बाजूला काढलेत. मित्र म्हणतो, जाड आणि 'रॉक' लिहिलेले घे, म्हणजे गिटारच्या गोंगाटातही ऐकू येतील. तर नेमकं काय घ्यावं?

मित्राचा सल्ला चुकीचा नाही, फक्त तो स्टेजचा सल्ला आहे. गणपतीच्या मांडवात किंवा कॉलेजच्या मैदानावर दोन गिटार अँपच्या शेजारी बसून वाजवायचं असेल तर जड सिंबल लागतात, कारण तिथे सिंबलसमोर बहुतेक वेळा माइकच नसतो. तुमच्या खोलीत बरोबर उलट आहे. तिथे सिंबलला नको इतके माइक आहेत.

मोजून पाहा. किकला (पायाने वाजणारा मोठा ड्रम) एक, स्नेअरला (समोरचा कडक आवाजाचा ड्रम) एक, टॉमना (उरलेले ड्रम) तीन, हाय-हॅटला (पायाने उघडझाप होणारी सिंबलची जोडी) एक, वर ओव्हरहेड (सेटच्या डोक्यावरचे माइक) दोन. आठ चॅनेल संपले. आता क्रॅश, म्हणजे ठोका ठळक करायला मारतो तो सिंबल, यांतल्या कुठल्या चॅनेलवर आहे? सगळ्यांवर आहे. किक जास्त झाली तर तिचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, खाली घेता येतो. क्रॅश जास्त झाला तर काय खाली घेणार? ओव्हरहेड उतरवले तर स्नेअर आणि टॉमचा मोकळेपणाही जातो, आणि क्रॅश टॉमच्या माइकांतून येत राहतोच. तोही धड येत नाही, कारण माइकच्या बाजूने शिरलेला असतो. टॉमवर गेट (ठराविक पातळीखालचा आवाज बंद ठेवणारी सोय) लावला तर टॉमचा घाव पडताना गेट उघडतो आणि त्याच क्षणी क्रॅशची उरलेली शेपूट भसकन आत घुसते. वीस वर्षं ड्रम रेकॉर्ड करतोय, आणि येणाऱ्या प्रत्येक ड्रमरला हेच सांगतो: सिंबलला फेडर नसतो. त्याचा आवाज मिक्स करताना कमी होत नाही, तो विकत घेतानाच कमी करावा लागतो.

म्हणून पहिलं उत्तर, पातळ घ्या. सिंबल पातळ असला की कमी ताकदीत उघडतो, त्याचा सूर खालचा लागतो आणि तो लवकर विझतो. जाड असला की सूर चढतो, आवाज वाढतो, गुंजन लांबतं. यात एक बारीक गोष्ट आहे जी दुकानात लक्षात येत नाही. काठी बसल्यावर ताकद आधी सिंबलच्या संथ, खालच्या कंपनांत जाते आणि मग काही मिलिसेकंदांत वरच्या, बारीक कंपनांत पसरत जाते. क्रॅश 'फुलतो' असं आपल्याला वाटतं ते यामुळे. पण हे पसरणं जोराच्या घावालाच नीट होतं. जाड सिंबलला तो जोर दिला नाही तर तो फुलतच नाही, देवळातल्या घंटेसारखा नुसता 'टण्ण' करून राहतो. बारा बाय अकराच्या खोलीत तसा जोर लावला तर बाकीचं काही ऐकू येणार नाही. म्हणजे जड सिंबल घेऊन तुम्ही दोन्हीकडून अडकता: हळू वाजवलं तर घंटा, जोरात वाजवलं तर गोंधळ. पातळ क्रॅश मात्र हलक्या हातालाही पूर्ण उघडतो, आणि घरच्या रेकॉर्डिंगला लागतो तो हात हलकाच.

इथे बरेच जण आकार लहान करायला धावतात. खोली लहान, म्हणून १४ इंची क्रॅश. माझं मत वेगळं आहे. लहान सिंबल लवकर संपतो हे खरं, पण त्याचा सूर वर असतो आणि वरचा, टोकदार सूर माइकला फार लवकर बोचतो. मी १६ इंची मध्यम जाडीच्या क्रॅशपेक्षा १८ इंची पातळ क्रॅश केव्हाही घेईन. व्यासापेक्षा वजन पाहा. दुकानात भाजीचा छोटा डिजिटल काटा घेऊन गेलात तरी लाजू नका, अनेक चांगले विक्रेते आता वजन स्वतःच लिहून ठेवतात. साधारण अंदाज म्हणून: १८ इंची क्रॅश १३०० ते १४०० ग्रॅमच्या आसपास असेल तर तो पातळ, १६ इंची हजार ग्रॅमच्या आत हवा, २० इंची राइड (सलग लय धरायचा मोठा सिंबल) दोन किलोच्या जवळपास असला तर रेकॉर्डिंगला बरा. अडीच किलोचा २० इंची राइड स्टेजवरच शोभतो.

आता धातू. तुमच्या सेटबरोबर आलेले सिंबल जवळजवळ नक्की पितळेचे आहेत, म्हणजे तांबं आणि जस्त. नवशिक्यांच्या बहुतेक पॅकेटांत तेच असतं: सेबियनची एसबीआर, माइनलची एचसीएस, झिल्जियनची प्लॅनेट झेड, सगळी पितळेची. चांगले सिंबल काशाचे, म्हणजे तांबं आणि कथिलाचे. फरक ऐकायचा असेल तर लांब जायला नको. घरात आजीची पाय घासायची काशाची वाटी असेल तर ती तीन बोटांवर तोलून पेन्सिलीने हलकेच वाजवा. मग पितळेची तेवढीच वाटी घ्या. काशाची वाटी गुंजत राहते आणि त्या गुंजनात दोन-तीन सूर वेगवेगळे ऐकू येतात, पितळेची लवकर बसते आणि तिच्यात एकच रंग असतो. आपल्याकडचं पारंपरिक कासं म्हणजे ७८ टक्के तांबं, २२ टक्के कथिल. जगभर सिंबलसाठी सर्वांत नावाजलेला मिश्रधातू, ज्याला बी२० म्हणतात, तो ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथिल, त्यात चिमूटभर चांदी. कासार आळीत आणि इस्तंबूलमध्ये एकाच कुळातला धातू ठोकला जात होता. झिल्जियन हे आडनावही तसंच आहे: तुर्कीत 'झिल' म्हणजे झांज, 'झिल्जी' म्हणजे झांज घडवणारा, आणि आर्मेनियन 'यान' म्हणजे त्याचा वंशज. १६२३ मध्ये इस्तंबूलला सुरू झालेलं हे घराणं १९२९ मध्ये अमेरिकेत गेलं, आणि त्याच घरातल्या रॉबर्ट झिल्जियन यांनी वेगळं होऊन १९८१ मध्ये कॅनडात सेबियन काढली. दुकानात समोरासमोर लटकणारी दोन नावं मुळात एकाच घरातली आहेत.

कथिल एवढं वाढलं की धातू ठिसूळ होतो, थंड असताना लाटायला गेलं तर तडकतो. म्हणून बी२०चा सिंबल बहुधा वेगवेगळा ओततात, तापवून लाटतात, लाल असताना पाण्यात विझवतात आणि मग ठोकतात. त्यामुळे एकाच मॉडेलचे दोन सिंबल कधीच सारखे वाजत नाहीत. हे विकत घेताना कामाला येतं, त्याबद्दल पुढे सांगतो. बी८, म्हणजे ९२ तांबं आणि ८ कथिल, हा लवचीक असतो आणि त्याचे सिंबल पत्र्यातून कापतात. ते एकमेकांसारखे असतात, आवाज उजळ आणि सरळ. पण 'बी२० चांगला, बी८ वाईट' असं डोक्यात घट्ट करू नका. पाइस्टेची २००२ ही मालिका बी८ची आहे आणि लेड झेपेलिनचा ड्रमर जॉन बोनम याच्या सेटवर तीच होती. धातू म्हणजे कणीक. पोळी कशी होणार हे लाटण्यावर आणि भाजण्यावरही ठरतं. ठोके हाताने खोल आणि विखुरलेले असतील तर आवाज गडद आणि गुंतागुंतीचा होतो, मशीनचे सारखे ठोके असतील तर स्वच्छ आणि उजळ. वर कोरलेल्या बारीक रेघा नसलेले, काळपट पृष्ठभागाचे सिंबल कोरडे वाजतात, त्यांचं गुंजन कमी. लहान खोलीत 'कोरडा' हा शब्द आपला मित्र आहे. मधली घुमटी लहान असली तर गुंजन आणि आवाज दोन्ही थोडे आवरतात.

धातूकडून छताकडे येतो, कारण तुमचं 'पत्र्यासारखं' होण्यात निम्मा वाटा छताचा असणार. समजा सिंबल जमिनीपासून चार फुटांवर आहे आणि जागा मोकळी म्हणून तुम्ही ओव्हरहेड माइक आठ फुटांवर, छताला जवळजवळ चिकटवून लावला. सिंबलपासून माइकपर्यंत सरळ आवाज चार फूट येतो. छतावर आपटून येणारा आवाज सहा फूट येतो. म्हणजे परतलेला आवाज सरळ आवाजाच्या दोन-तृतीयांश ताकदीचा, आणि फक्त पावणेदोन मिलिसेकंद उशिरा. हे दोन एकमेकांवर पडले की २८० हर्ट्झच्या आसपास, मग साडेआठशेच्या आसपास, मग चौदाशेला, असे वर वर ठराविक अंतराने खड्डे पडत जातात. आवाजाचा कंगवा होतो. नळीतून आल्यासारखा तो पत्र्याचा रंग इथून येतो, आणि कुठलाही इक्वलायझर तो काढू शकत नाही. आता माइक सहा फुटांवर, म्हणजे सिंबलच्या वर दोन फुटांवर आणा. सरळ आवाज दोन फूट, छतावरून आलेला आठ फूट. परतलेला आवाज पाव झाला. वर कार्डिऑइड (समोरचं जास्त, पाठीमागचं कमी ऐकणाऱ्या) माइकची पाठ छताकडे असल्याने तो आणखी मरतो. एक पैसा खर्च न करता निम्मं काम झालं. दोन्ही माइक स्नेअरच्या मध्यापासून दोरीने मोजून सारख्या अंतरावर ठेवा आणि तोंड क्रॅशकडे न ठेवता स्नेअरकडे वळवा.

याच्यावर सेटच्या बरोबर डोक्यावर रॉकवूलचं (आवाज शोषणाऱ्या दगडी तंतूंचं) एक पॅनेल टांगा, चार बाय सहा फूट, दोन इंच जाड, कापडात शिवलेलं, छतापासून दोन इंच सोडून. सिंबलचा त्रास देणारा भाग तीन हजार हर्ट्झच्या पुढे आहे. तिथे लहर अकरा-बारा सेंटीमीटरची असते, तिला एवढी जाडी पुरते. किकच्या घुमण्याला हे पॅनेल काही करणार नाही, पण आपला प्रश्न तो नाही. हे दोन्ही करून, आहेत त्याच पितळेच्या सिंबलवर एक गाणं पुन्हा रेकॉर्ड करा आणि मगच दुकानात जा. नाहीतर छताचा दोष धातूच्या नावावर खपेल आणि नव्या सिंबललाही तोच आवाज येईल. मी हे स्वतः भोगलंय. पहिल्या खोलीत दोनदा क्रॅश बदलले, दोन्ही वेळा पैसे वाया गेले, आणि तिसऱ्यांदा माइक खाली आणल्यावर कळलं की पहिला क्रॅश उत्तम होता.

आता सर्वांत महत्त्वाचं, हाय-हॅट. माझं ठाम म्हणणं आहे की तुमचे निम्मे पैसे इथे जायला हवेत. क्रॅश चार मिनिटांच्या गाण्यात पंधरा-वीस वेळा वाजतो. हाय-हॅट चारशे वेळा. शिवाय तो स्नेअरच्या माइकपासून वीतभर अंतरावर बसलेला असतो. स्नेअरला चमक द्यावी म्हणून आठ-दहा किलोहर्ट्झ वाढवायला गेलात की वाढतो तो हाय-हॅट. स्नेअर कॉम्प्रेस केला (मोठे आणि लहान आवाज जवळ आणले) की दोन घावांच्या मधल्या जागेत वर येतो तोही हाय-हॅटच. घरच्या रेकॉर्डिंगमध्ये 'स्नेअर चांगला वाजत नाही' म्हणून जे येतात, त्यातल्या बहुतेकांचा स्नेअर चांगलाच असतो. हाय-हॅट जड असतो.

१४ इंची घ्या, वरचा सिंबल ८५० ते ९५० ग्रॅमच्या आसपास, खालचा त्याहून थोडा जड. दोन्ही जड असलेली जोडी टाळा. हात हलका असेल तर १५ इंचीही सुंदर लागतो, सूर खाली येतो आणि 'चिक'चा 'छुक' होतो, मराठी गाण्याच्या हळुवार कडव्याला तो फार शोभतो. ऐकताना तीन गोष्टी तपासा. बंद ठेवून काठीच्या टोकाने वाजवा: प्रत्येक टोक वेगळं ऐकू आलं पाहिजे, पण कानात सुई टोचल्यासारखं नाही. मग अगदी किंचित उघडून काठीच्या खांद्याने (टोकामागच्या भागाने) वाजवा, कोरसमध्ये तुम्ही हेच करणार आहात. इथे बहुतेक स्वस्त हॅट कर्कश होतात. हा आवाज दोन मिनिटं सलग सहन होत नसेल तर ती जोडी ठेवून द्या, बाकी कितीही छान वाजो. शेवटी नुसत्या पायाने वाजवा. 'चिक' स्पष्ट यायला हवा. तो दबलेला येत असेल तर आधी खालच्या सिंबलचा तिरपेपणा बदलून पाहा, स्टँडला त्यासाठी स्क्रू असतो. दोन्ही अगदी समांतर असतील तर मधे हवा अडकते.

मांडणीनेही खूप फरक पडतो. हॅट एक वीत वर घ्या आणि स्नेअरपासून थोडा डावीकडे सरकवा. दोन दिवस हाताला परकं वाटेल, मग सवय होते. स्नेअरचा माइक कार्डिऑइड असेल तर त्याची पाठ, म्हणजे जिथे केबल लागते ती बाजू, हॅटकडे करा, कारण तो सर्वांत कमी ऐकतो तिथेच. सुपरकार्डिऑइड असेल तर त्याचं सर्वांत बहिरं ठिकाण पाठीमागे नसून पाठीच्या थोडं बाजूला असतं, तेव्हा त्याला तिरका ठेवा. आणि हाय-हॅटसमोर वेगळा माइक लावायची तुम्हाला बहुधा गरजच नाही. तो चॅनेल सोडवा आणि खोलीच्या दाराबाहेर, जिन्यात, एक माइक ठेवून पाहा. घराच्या जिन्यात ड्रम फार मोठे वाजतात.

एक गोष्ट तुमच्या गाण्यांबद्दल. तुम्ही लिहिलंय की ढोलकी आणि टाळही घेता. टाळ स्वतःच काशा-पितळेचे आहेत आणि वरच्या सगळ्या पट्टीत त्यांचं राज्य असतं. ढोलकीच्या शाईचा कडक बोलही त्याच भागात चमकतो. त्यावर उजळ हाय-हॅट टाकला की तिघंही एकमेकांना पुसून टाकतात. अशा गाण्यात हॅट गडदच हवा. किंवा टाळ असलेल्या ओळींत हॅट वाजवूच नका, नुसता पाय ठेवा. वारकरी टाळाने जी लय धरली आहे तिला हाय-हॅटच्या सलग ठोक्यांची दुसरी पुनरुक्ती लागत नाही.

राइडबद्दल थोडक्यात. २० किंवा २१ इंची, मध्यम-पातळ. दुकानात सगळे राइडवर दहा सेकंद वाजवून पाहतात आणि फसतात. दोन मिनिटं सलग वाजवा. काठीच्या टोकांखाली एक 'सूं' साठत जातो. वीस सेकंदांत तो एका पातळीवर थांबला पाहिजे. वाढतच राहिला तर रेकॉर्डिंगमध्ये तो गायकाच्या स्वरांवर गोधडीसारखा पसरणार. राइडच्या कडेवर काठीच्या खांद्याने हलका घाव घालून पाहा. तो क्रॅशसारखा उघडत असेल आणि लवकर आवरत असेल तर सोनं मिळालं, कारण मग तुम्हाला क्रॅश एकच लागेल. हाय-हॅट, असा राइड आणि एक पातळ १७ किंवा १८ इंची क्रॅश, एवढ्यावर मी अख्खे अल्बम रेकॉर्ड केले आहेत. कमी सिंबल म्हणजे कमी स्टँड, माइकना मोकळी जागा आणि टॉमच्या डोक्यावर लोंबणारा कमी धातू. स्प्लॅश आणि चायना हे खास परिणामाचे सिंबल आत्ता विसरा.

नावं विचारली आहेत म्हणून सांगतो. रंग गडद हवा असेल तर झिल्जियनची के, माइनलची बायझन्स, सेबियनची एचएचएक्स आणि इस्तंबूल आगोप किंवा इस्तंबूल मेहमेतचे पातळ सिंबल ऐका. ही वरची पायरी आहे, सगळे बी२०. झिल्जियनची ए त्यांच्यापेक्षा उजळ, पण तिचा पातळ क्रॅश रेकॉर्डिंगमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. मधल्या पायरीवर सेबियनची एक्सएसआर बी२० आहे, झिल्जियनची एस बी१२ची, पाइस्टेची पीएसटी ७ बी८ची. या पायरीवर पातळ क्रॅश चांगले मिळतात, हाय-हॅट मात्र निवडून घ्यावे लागतात. चीनमधल्या वुहानचे बी२० सिंबलही स्वस्तात मिळतात, पण हाताने घडवलेले असल्याने एकाहून एक वेगळे. ऐकल्याशिवाय घेऊ नका. किमती देत नाही, कारण त्या डॉलर आणि आयातीबरोबर हलत राहतात. पन्नास हजारांत वरच्या पायरीवरचं सगळं नवं येणार नाही हे मात्र धरून चला. म्हणून हॅट वरच्या पायरीवरचे घ्या, चांगले जुने मिळाले तर जुने घ्या. राइड जुना घ्या. क्रॅश उरलेल्या पैशांत.

एकाच मालिकेची पूर्ण पेटी घ्यायचा मोह होईल, कारण ती स्वस्त पडते. हॅट तुमच्या कानाला पटले नसतील तर घेऊ नका. सिंबल एकमेकांशी जुळतात ते सुरांच्या अंतराने, शिक्क्याने नाही. क्रॅश राइडपेक्षा स्पष्टपणे वरच्या सुरात असावा, दोघे एकाच सुरात असतील तर माइकमध्ये एकच चिखल होतो.

दुकानात स्वतःच्या काठ्या घेऊन जा, ज्या घरी वाजवता त्याच. लाकडी टोक, ५ए किंवा त्याहून हलकी ७ए. नायलॉनच्या टोकाने राइडवर जास्त टकटक येते, तेव्हा घरी लाकूड आणि दुकानात नायलॉन असं झालं की निवड चुकते. सिंबल भिंतीवर टांगलेल्या ढिगात वाजवू नका, शेजारचे सगळे सोबत गुणगुणतात. एक सिंबल स्टँडवर लावून दुकानाच्या कोपऱ्यापासून दूर न्या. एका मॉडेलचे तीन-चार तुकडे मागून घ्या. बी२०मध्ये ते वेगवेगळे वाजतील, आणि तुम्हाला त्यातला सर्वांत सभ्य हवा आहे. मग मित्राला वाजवायला सांगा आणि स्वतः सिंबलच्या वर दोन फुटांवर, ओव्हरहेड जिथे असणार तिथे, स्टुलावर चढून एक कान लावा. ड्रमरच्या जागेवरून सिंबल नेहमी छान वाटतो, कारण त्याच्या हाताला प्रतिसाद मिळत असतो. माइकला हात नसतात. फोनवर रेकॉर्ड करून घ्या, प्रत्येक सिंबलवर हळू, मध्यम, जोरात असे तीन घाव, आणि घरी जाऊन हेडफोनवर ऐका. त्याच दिवशी घ्यायची घाई करू नका.

जुना सिंबल तपासायची रीत अशी. कडेवरून नख फिरवत पूर्ण फेरी मारा. नख अडकलं तिथे भेग असू शकते, उजेडाकडे धरून पाहा. कडेची भेग वाढते, ती असलेला सिंबल रेकॉर्डिंगसाठी घेऊ नका. मधल्या भोकात बोट घाला. ते गोल न राहता एका बाजूला कुलपाच्या भोकासारखं लांबलं असेल तर आधीच्या मालकाने स्टँडच्या दांड्यावर प्लास्टिकची नळी न लावता वाजवलंय. आवाज चांगला असेल तर तेवढ्यावरून नाकारू नका, पण भाव पाडा. शेवटी बोटाच्या पेराने ठिकठिकाणी हलकं ठोका. कुठे किरकिर ऐकू आली तर न दिसणारी भेग आहे. काळा पडलेला, डाग धरलेला सिंबल मात्र हसत घ्या. त्या थराने आवाज किंचित मऊ झालेला असतो, आपल्याला हवा तसाच. आणि घरी आणून त्याला चिंच-मीठ किंवा पितळ घासायची पावडर लावू नका. घासणीने बारीक रेघा झिजतात. पावसाळ्यात वाजवून झालं की कोरड्या सुती कापडाने बोटांचे ठसे पुसा आणि झाकून ठेवा, एवढं पुरे. नाशिकला हवा त्यामानाने कोरडी आहे. रत्नागिरीकडच्या मित्रांना मी सिंबल हॅटच्या स्टँडवर उघडे सोडू नका असं आवर्जून सांगतो, तिथे दोन पावसांत हिरवं चढतं.

स्टँडवर लावताना वर-खाली नमदा आणि मधे प्लास्टिकची नळी हवीच. वरचा पेच आवळू नका, सिंबल डोलला पाहिजे. आवळलेला सिंबल गुदमरतो आणि तडकतोही. गुंजन तरीही जास्त वाटलं तर सिंबलच्या पोटाला, घुमटी आणि कडेच्या मधोमध, अंगठ्याएवढी कापडी टेप लावा. एकच. दोन लावल्या की सिंबल मेलेला ऐकू येतो.

शेजाऱ्यांचं तुम्ही शेवटी विचारलंय. निवासी भागात नियमाने दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि ड्रमसेट ती सहज ओलांडतो. जाळीदार, कमी आवाजाचे सिंबल मिळतात, झिल्जियनचे एल८० किंवा सेबियनचे क्वाएट टोन. रात्रीच्या सरावाला ते घ्या, जरूर घ्या, हाताला खऱ्या धातूचा उसळता स्पर्श मिळतो. रेकॉर्डिंगला मी ते वापरत नाही, त्यांचा आवाज फुसफुसल्यासारखा येतो.

आणखी एक रस्ता आहे, तुमच्यासारख्या खोलीत तो मी अनेकदा घेतो. किक, स्नेअर आणि टॉम आधी वाजवायचे, सिंबल नंतर वेगळे. इंग्लिश गायक पीटर गॅब्रिएलने १९८० मध्ये आलेल्या आपल्या तिसऱ्या अल्बमसाठी ड्रमरना सिंबल वापरायलाच बंदी केली होती. फिल कॉलिन्ससारख्या ड्रमरलाही हात रिकामा फिरवावा लागला, आणि त्यामुळेच त्या ड्रमवर इतकं जबरदस्त कॉम्प्रेशन आणि गेट लावता आलं. तुम्हाला बंदीची गरज नाही. हाय-हॅटच्या जागी रबरी पॅड ठेवा म्हणजे हाताची लय मोडत नाही, आणि सिंबल दुसऱ्या फेरीत वाजवा. त्या फेरीपुरता मात्र सिंबलला स्वतःचा फेडर मिळतो. चालीतला श्वास थोडा कमी होतो, म्हणून जलद, दणकट गाण्यांनाच हे करतो. हळव्या गाण्याला नाही.

वाजवण्याबद्दल एकच अभ्यास देतो. सगळे माइक बंद करून फक्त एक ओव्हरहेड चालू ठेवा आणि तुमचा नेहमीचा ठेका पाच मिनिटं वाजवा. मग ऐका. स्नेअर हाय-हॅटपेक्षा ठळक ऐकू आला पाहिजे, किक समजली पाहिजे. तसं होत नसेल तर स्नेअरवरचा डावा हात वाढवा आणि हाय-हॅटवरचा उजवा निम्मा करा, पुन्हा रेकॉर्ड करा. आठवडाभर रोज. सिंबलवर हळू आणि ड्रमवर जोरात मारणं शरीराला सहज जमत नाही, पण जमलं की पितळेचे सिंबलसुद्धा सुधारतात.

खरेदीचा क्रम असा ठेवा. आधी माइक खाली आणि वर पॅनेल. मग हाय-हॅट. महिनाभर त्यांच्यासोबत राहा, मग राइड. क्रॅश लगेच घेऊ नका. त्याचा स्टँड रिकामा ठेवून दोन गाणी रेकॉर्ड करा. वाजवताना ज्या ज्या ठिकाणी हात आपोआप त्या रिकाम्या स्टँडकडे गेला तिथे गाण्याचा मिनिट-सेकंद कागदावर टिपा, आणि पुढे लिहा की तिथे तुम्हाला काय ऐकू यायला हवं होतं: छोटा झटका, लांब उसळी, की नुसता श्वास. तो कागद खिशात घालून क्रॅश घ्यायला जा.